एक जागा, दोन नावं

वाशी,
रविवार, मे १९९८

प्रिय आई,

‘तीर्थरूप आईंना सा. न.’ असं नेहमीसारखं लिहून झालं होतं. तो कागद फाडला आणि हा दुसरा घेतला, कारण आज जे सांगायचंय ते ‘सा. न.’च्या पुढे काही केल्या येईना. हे पत्र मामींना वाचायला देऊ नका. चष्मा लावून तुम्हीच वाचा. फोन केला असता, पण मामांकडचा फोन ओसरीवर, आणि लग्नघर म्हटल्यावर निम्मं कराड तिथेच बसलेलं असणार.

आधी घरचं सांगते. गॅस मिळाला. समोरच्या चांगुणाबाई मार्केटमधून येताना कैऱ्या देऊन जातात आणि तुम्ही कधी येणार ते विचारतात. माझ्याकडून त्यांना सोसायटीची एकही बातमी मिळत नाही, त्यामुळे त्या फार कष्टी आहेत. लोणचं तुम्ही आल्यावरच घालू, मी हात लावला तर बुरशी येणार हे आपल्या दोघींनाही माहीत आहे. ह्यांच्या कंपनीत आणखी काही माणसं कमी केली. ह्यांचा नंबर अजून आलेला नाही, पण हे संध्याकाळी घरी येऊन बूट काढेपर्यंत माझा जीव टांगणीला असतो.

कोर्सचं विचाराल तर रोज सकाळी वाटतं की आज समजलं, आणि दुपारपर्यंत सगळं पुन्हा गोल. तुम्हीच मला तिथे घातलंत. मी नुसती काळजी करत बसले होते तेव्हा तुम्ही म्हणालात, गणितात बीएस्सी काय डाळ-तांदूळ मोजायला केलीस का? आणि दुसऱ्या दिवसापासून सकाळचा स्वयंपाक स्वतःकडे घेतलात. कुठल्या सासूनं एवढं केलं असतं? तर तिथे दारात चपला काढून जायचं, देवळात जावं तसं, कारण धुळीनं कम्प्युटर बिघडतो म्हणे. आत ए.सी. एवढा की मे महिन्यात मी शाल पांघरून बसते. सकाळभर श्यामसुंदर सर फळ्यावर शिकवतात आणि दुपारी एका कम्प्युटरवर आम्ही दोघी. माझ्याबरोबर उत्कर्षा म्हणून साताऱ्याकडची कॉलेजातून नुकती बाहेर पडलेली मुलगी आहे. मी कागदावर लिहिलेलं वाचते, ती टाइप करते. भाषेचं नाव कोबोल. दोन हजार साल आलं की जगातले जुने कम्प्युटर तारखांमध्ये गोंधळणार आहेत, त्यांना सरळ करायला ही भाषा येणारी माणसं हवीत. म्हणजे त्यांचा गोंधळ निस्तरायला मी! परवा वाक्याच्या शेवटी एक पूर्णविराम द्यायचा राहिला, तर प्रिंटरमधून चुकांचा कागद घरघरत येतच राहिला. मला रडूच फुटायचं बाकी होतं. उत्कर्षा म्हणाली, “टेन्शन नको घेऊ मावशी, चूक एकच आहे, बाकीची तिची पिल्लं.” तेवढं मावशी म्हणाली नसती तर फार बरं वाटलं असतं.

पण माझा खरा गोंधळ कोबोलचा नाही. तो पहिल्याच दिवशी सुरू झाला आणि तुम्हाला मी त्यातलं काही बोलले नाही. सरांनी हजेरी घेतली, ‘अरुणा साळुंखे’ म्हणून दोन-तीनदा पुकारलं, आणि मी बाकीच्यांसारखी मान वळवून बघत होते की ही कोण बाई ओ देत नाही. बीएस्सीचं सर्टिफिकेट माहेरच्या नावाचं, म्हणून त्यांच्या यादीत तेच नाव. उत्कर्षानं माझ्या फायलीवर वाचलं आणि कोपर मारलं, तेव्हा उठले. सगळे हसले, मीही हसले. मग हळूहळू त्या नावाची सवय व्हायला लागली. खरं सांगू? आवडायला लागलं. सकाळी तुम्ही ‘मीने, डबा घेतलास न्हवं?’ म्हणायचात, आणि रिक्षानं पाच मिनिटांवर मी अरुणा व्हायची. संध्याकाळी परत मीना. कधीकधी स्टेशनसमोर भाजी घेताना क्षणभर कळायचं नाही की आत्ता आपण कोण आहोत.

लग्नात मला ‘मीना’ नाव ठेवलं तेव्हा मी थोडी खट्टू झाले होते, हेही आज सांगून टाकते. माझ्या मैत्रिणींना सासरी एकेक झोकदार नावं मिळालेली, आणि मला आपलं मीना. ह्यांनी ताम्हणातल्या तांदळात अंगठीनं नाव लिहिलं आणि लगेच हातानं तांदूळ सारखे केले. मला वाटलं, लाजले. मामी पदर डोळ्यांना लावून आत गेल्या. वाटलं, हळव्या आहेत. आणि इतक्या वर्षांत ह्यांनी मला कधी नावानं हाक मारली नाही, नुसतं ‘अगं’ नाहीतर ‘ऐकलंस का’. त्याचंही मी मनावर घेतलं नाही. मी तरी ह्यांचं नंदकुमार हे नाव उखाण्याशिवाय कुठे घेते? म्हटलं, फिट्टंफाट.

गेल्या आठवड्यात सरांनी एक नवीनच प्रकार शिकवला. कम्प्युटरमधली एकच जागा, पण तिला दोन नावं द्यायची. कुठल्याही नावानं बोलवा, जागा तीच. मात्र एका नावानं आत काही ठेवलं की दुसऱ्या नावाचं आधी होतं ते पुसलं जातं. माझ्या प्रोग्रॅममध्ये नेमकं तेच झालं आणि पडद्यावर भलतंच काहीतरी आलं. रात्री जेवताना मी ह्यांना गमतीत म्हटलं, आपल्या घरात हे मीच आहे की, अरुणा आणि मीना. हे ताटावरून उठले. भात तसाच राहिला. मला वाटलं, कंपनीतून चिठ्ठी आली. विचारलं तर नुसती मान हलवली.

आज सकाळी हे मला खाडीकाठी फिरायला घेऊन गेले आणि सगळं सांगितलं. मीनाताईंचं. घटसर्पाचं. तुम्ही त्यांना मांडीवर घेऊन दवाखान्याच्या व्हरांड्यात बसला होतात आणि उठायलाच तयार नव्हतात, ते. त्यानंतर फोटो आत गेला आणि घरात ते नाव कोणी काढलं नाही, थेट आमच्या लग्नापर्यंत. हे म्हणाले, “इतक्या वर्षांनी आईनं ते नाव तोंडातून काढलं होतं. मी नको कसं म्हणणार?” आणि मग पाण्याकडे बघत म्हणाले, “पण मला तुला त्या नावानं हाक मारता येत नाही. ती माझी ताई आहे गं.”

आई, मला आधी तुमचा राग आला. खूप आला. मग घरी येऊन तुमच्या खोलीत बसले आणि एकेक आठवायला लागलं. शेवयांची खीर मला आवडत नाही हे कितीदा सांगितलं, तरी वर्षातून एकदा तुम्ही वाटीभर पुढे ठेवता आणि म्हणता, खा, तुला आवडते. मला वाटायचं, वय झालं, विसरतात. माझी वेणी घालायला बसलात की दोन घालू का म्हणून विचारता. मी हसायची. मग राग कुठे गेला कळलं नाही, पण त्या जागी जे आलं ते रागापेक्षा वाईट आहे. तुम्ही माझ्यावर इतकी माया केलीत. ती माया माझ्यावर होती का? ‘मीने’ म्हणून हाक मारायचात तेव्हा तुम्हाला ओ कोणाची हवी असायची? आणि दरवेळी मीच ओ देत राहिले, म्हणजे त्या पोरीची उरलीसुरली जागाही मीच पुसली की काय? त्या माझ्या वन्सं. घरात त्यांचं एक नाव होतं, तेही मी अंगावर घालून बसले. यातलं काय खरं, मला काही उमगत नाही.

हे पत्र त्यासाठीच. कोर्सच्या सर्टिफिकेटवर काय नाव घालायचं ते सरांनी विचारलं होतं, मी परवाच अरुणा सांगून आले. तेव्हा मला यातलं काही माहीत नव्हतं, आणि माहीत असतं तरी तेच सांगितलं असतं. तुम्ही गुरुवारी येणार, दार मीच उघडणार. मीना हे नाव मला तुम्हाला परत द्यायचंय. टाकून द्यायला नाही, ज्यांचं आहे त्यांच्यासाठी. त्यांचा फोटो बाहेर लावू, खीर त्यांच्या नावानं करू, मी दोन घास खाईनही, आणि तुम्ही मला त्यांच्याबद्दल सगळं सांगा, ह्यांना त्या वयात कळलं नाही तेही. आज खाडीवरून परतताना ह्यांनी मला पहिल्यांदा नावानं हाक मारली, तेव्हा मी रस्त्यात उभी राहून रडले. ह्यांचं ऐकून मला कळलं की आता मला तुमची हाक हवी आहे. दारात तुम्हाला ती जमली नाही आणि सवयीनं दुसरीच तोंडात आली, तरी मी पिशव्या घेईन, चहा ठेवेन, रुसणार नाही. पण एकदा प्रयत्न करून बघा. मीनाताई गेल्यावर तुमच्या पदरात जी दुसरी मुलगी आली, तिला तुम्ही अजून एकदाही हाक मारलेली नाही.

तुमचीच,
अरुणा