शनिवारी पेटवलेला स्टोव्ह

१७ नोव्हें. १९८५, रवि. मुलुंड

रविवारची उपासना आज शेवटची. पाळकसाहेबांनी (यापुढे पा.सा., एवढं लांब लिहीत बसायला माझी बोटं तयार नाहीत) जाहीर केलं की येत्या आठवड्यापासून आपली मंडळी शब्बाथ पाळणार. शुक्रवारी सूर्य मावळला की काम बंद. शिवण बंद, धुणं बंद, स्टोव्ह पेटवणं बंद. शनिवारी सूर्य मावळेपर्यंत. उपासनाही शनिवारी. आम्हाला विचारलं कोणीच नाही. वडीलमंडळाने ठरवलं, आमचे यशवंतभावोजी त्यातलेच एक, आणि बाकीच्यांनी आमेन म्हटलं. मीसुद्धा म्हटलं. सवय.

घरी येताना डोक्यात एकच होतं. शनिवारी सकाळी खालच्या लेआबाईंचं काय?

१९ नोव्हें., मंगळ.

दुपारभर शास्त्र घेऊन बसले. प्रेषितांची यरुशलेमची सभा. तिथे प्रश्न हाच होता. यहुदी नसलेली माणसं ख्रिस्ताच्या मागे यायला लागली, त्यांच्यावर मोशेचं नियमशास्त्र लादायचं का? भांडले, बोलले, शेवटी चार गोष्टी लिहून पाठवल्या. मूर्तीपुढचं नको, रक्त नको, गळा दाबून मारलेलं नको, व्यभिचार नको. शब्बाथाचं नाव नाही. चष्मा पुसून पुन्हा पाहिलं. नाही.

तीस वर्षं म्युनिसिपल शाळेत पोरांना वाचायला शिकवलं. निदान वाचता तरी मला येतं.

२३ नोव्हें., शनि.

सकाळी साडेसहाला नेहमीप्रमाणे खाली गेले. नऊ वर्षं जाते आहे. लेआबाई बेने इस्राएल, म्हणजे आपल्या कोकणातल्या यहुदी, मूळच्या रेवदंड्याच्या. मुलगा तिकडे इस्राएलला गेला, ह्या गेल्या नाहीत. वय चौऱ्याहत्तर, दमा. शब्बाथला त्या स्वतः आग पेटवत नाहीत. मला 'पेटव' असंही म्हणत नाहीत, कारण सांगून करवून घेतलं तरी शब्बाथ मोडतोच. म्हणून मी जाते आणि म्हणते, "मला चहा हवाय बाई." त्यांच्या स्टोव्हवर माझा चहा टाकते. पातेलं नेमकं मोठं निघतं. उरलेला कप वाया का घालवायचा, म्हणून त्यांना देते. याला लबाडी असं आम्हा दोघींपैकी कोणी कधी म्हटलेलं नाही.

आजही त्या भिंतीकडे बघत म्हणाल्या, "गारठा वाढलाय." मी काडी ओढली.

मग साडेआठला शाळेच्या हॉलमध्ये उपासना. पा.सा. म्हणाले, आपला पहिला शब्बाथ कसा सुरू झाला, एकेकाने साक्ष द्या. भास्कर कंडक्टर ड्यूटी बदलून आला होता, बोलताना रडला. कोणी म्हणालं शांती वाटली, कोणी म्हणालं मुलं भांडली नाहीत. माझी पाळी आली. उठून सांगितलं, लेआबाईंकडे स्टोव्ह पेटवून, चहा पिऊन आले, मलाही शांती वाटली.

हॉल गार. यशवंतभावोजी चपलेकडे बघत बसले.

खोटं बोलता आलं असतं. सुचलंच नाही.

२६ नोव्हें., मंगळ.

पा.सा. घरी आले. माणूस वाईट नाही, हे आधी लिहून ठेवते. पस्तिशीचा, गोरेगावला चांगली नोकरी होती, शनिवारची सुट्टी देईनात म्हणून सोडली. जे सांगतो ते स्वतः करतो. म्हणून तर जड जातं.

म्हणाले, शब्बाथ मोशेपासून नाही, उत्पत्तीपासून आहे. देवाने सातव्या दिवशी विसावा घेतला तेव्हा यहुदी कुठे होते? प्रेषित पौल शब्बाथला यहुद्यांच्या सभास्थानात जायचा, यहुदी नसलेलेही तिथे ऐकायला यायचे. रविवार मागाहून आला.

मी म्हटलं, पौल जिथे माणसं भेटतील तिथे जायचा. आणि तोच सांगतो की कोणी एक दिवस मोठा मानतो, कोणी सगळे सारखे, ज्याने त्याने आपल्या मनाशी ठरवावं, दुसऱ्याने न्याय करू नये. सणांवरून नाही, शब्बाथावरून नाही.

"बाई, ते उपासतापासाच्या दिवसांबद्दल आहे."

"तुम्ही म्हणता म्हणून?"

चहा अर्धा ठेवून गेले. जाताना प्रार्थना केली, त्यात माझ्या कठीण अंतःकरणाचा उल्लेख दोनदा.

१ डिसें., रवि.

आज गंमत झाली, तीही फुकट. पा.सा. आणि यशवंतभावोजी लेआबाईंकडे गेले. पा.सा.च्या डोक्यात असं की मूळ शब्बाथ पाळणारी म्हातारी, ती आपल्याला शाबासकी देईल आणि मला चार शब्द सुनावेल. मला मुद्दाम बोलावून घेतलं.

लेआबाईंनी मनुकांचं सरबत दिलं. सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "बरं. मग सुंता केलीत का सगळ्यांनी?"

यशवंतभावोजींना ठसका लागला.

"नाही म्हणजे, आमचं घेताच आहात तर अर्धंच का? आम्हाला मिसरातून काढलं, आमच्याशी करार केला, त्याची खूण म्हणून हा दिवस दिला. तुम्हाला कोणी सांगितलं?"

पा.सा. उत्पत्तीबद्दल बोलू लागले. त्या म्हणाल्या, "पाळा हो, मी कोण अडवणार? पण माझा शब्बाथ मला ओझं नाही. आठवडाभर मी त्याची वाट बघते. तुमच्यातली ही तर बघा, तोंड केवढंसं झालंय." ही म्हणजे मी.

जिन्यात भावोजी म्हणाले, "वहिनी, तुम्ही शिकवून ठेवलं होतं त्यांना." मी म्हटलं, त्यांना शिकवेल असा माणूस रेवदंड्यापासून मुलुंडपर्यंत जन्माला यायचाय.

७ डिसें., शनि.

खरं लिहायचं तर हेही लिहायला हवं. आज उपासनेनंतर घरी काही केलं नाही. शुक्रवारच्या भाकऱ्या, चटणी. गॅलरीत बसले. रस्त्यापलीकडच्या कारखान्याचा भोंगा झाला, कोणाची तरी पाळी सुटली, मी बसूनच. हे गेल्यापासून इतकी निवांत कधी बसले नव्हते. पा.सा.चं हे म्हणणं मला मान्य आहे. दिवस गोड आहे.

पण सकाळी स्टोव्ह पेटवला तो पेटवलाच. गोड दिवस कोणाच्या छातीवर ठेवायचा नसतो. लेआबाईंना रात्री धाप लागली होती, गरम पाण्याने जरा मोकळं झालं. शब्बाथला खड्ड्यात पडलेलं मेंढरू बाहेर काढावं असं ज्याने सांगितलं, त्याच्या नावाने जमतो ना आपण?

१२ डिसें., गुरु.

भावोजी तडजोड घेऊन आले. वडीलमंडळाने विचार केला म्हणे. वहिनींनी स्टोव्ह पेटवू नये, वरच्या मजल्यावरच्या कांबळेवहिनींना सांगावं. त्या बौद्ध, त्यांना शब्बाथ लागू नाही. म्हातारीचाही प्रश्न सुटला, मंडळीचाही.

मला आधी नीट कळलंच नाही. मग कळलं आणि डोकं तडकलं.

"म्हणजे भावोजी, आपण आता यहुदी झालो, आणि आपल्यालाही काम करायला परका माणूस लागला?"

"तसं नाही वहिनी."

"तसंच आहे. तुमच्या आजोबांना गावात कोणी शिवत नव्हतं. सगळे एका ताटात जेवतात म्हणून ते ह्या मंडळीत आले. आणि तुम्ही मुलुंडला बसून ठरवता, पवित्र कोण आणि काडी ओढायला कोण."

मी जरा जास्तच बोलले. आजोबांना मध्ये आणायला नको होतं. पण मागे घेणार नाही.

१३ डिसें., शुक्र.

कांबळेवहिनींना जिन्यात सहज विचारलं. "मी लावीन की, त्यात काय एवढं? तुम्ही पण ना, कशाला टेन्शन घेता?" असं म्हणून भाजीची पिशवी घेऊन वर गेल्या.

झालं. वाट मोकळी, सगळे खूष. मग माझं का अडतं?

दिवसभर स्वतःला विचारलं. हट्ट आहे का? थोडा आहे. नऊ वर्षं त्या पातेल्यातला पहिला कप माझा आहे, तो सोडवत नाही, हेही आहे. पण मी हात काढून घेतला तर त्याचा अर्थ एकच होईल. त्या चहात पाप होतं आणि ते मी कांबळेवहिनींकडे सरकवलं. मला त्यात पाप दिसत नाही. दिसत नसलेल्या पापाची कबुली मी देणार नाही.

२२ डिसें., रवि.

वडीलमंडळासमोर बोलावलं. पा.सा., भावोजी, आणखी तिघे. माझी खुर्ची वेगळी, भिंतीला लावलेली. शाळेत इन्स्पेक्टर यायचे तेव्हा मी पोरांना असं बसवायची.

पा.सा.नी मऊ आवाजात विचारलं, "बाई, यापुढे शब्बाथला आग पेटवणार नाही, असं म्हणाल का?"

"नाही म्हणणार."

"का?"

"यरुशलेमच्या सभेने जे आमच्यावर घातलं नाही, ते मुलुंडच्या सभेने घालू नये. तिथे प्रेषित होते. इथे तुम्ही पाचजण आहात."

एकजण हसला, लगेच गप्प झाला.

मी पुढे म्हटलं, तुम्ही शनिवार पाळा. मी उपासनेला येते, येत राहीन. भास्करला शांती मिळते, मला आनंद आहे. पण तारणाच्या दाराला शनिवारचं कुलूप लावू नका. ते आम्हाला उघडं मिळालं होतं.

बाहेर थांबायला सांगितलं. वीस मिनिटं. मग निकाल. ४ जानेवारीला, नव्या वर्षाच्या पहिल्या शब्बाथला, प्रभुभोजन. तोपर्यंत मी पश्चात्ताप केला नाही तर मला प्रभुभोजन मिळणार नाही.

भाकर नाही, द्राक्षरस नाही. वयाच्या सोळाव्या वर्षापासून एकही चुकलेलं नाही. बाळंतपणात चुकलं असतं, तर सासऱ्यांनी पाळकांना घरी आणलं होतं. हे गेले त्याच आठवड्यात होतं, तरी मी गेले, आणि त्या तुकड्यानेच उभी राहिले.

घरी येऊन रडले. रागाने जास्त.

२५ डिसें., बुध.

नाताळ. भावोजी दरवर्षीसारखे करंज्या घेऊन आले. उंबऱ्यातच उभे. "वहिनी, एक शब्द बोला नुसता. मनातून नाही तर तोंडाने बोला." म्हटलं, तोंडाने बोलायचं असतं तर कधीच बोलले असते. मग त्यांनी सांगितलं की ४ तारखेला ताट फिरवायची पाळी त्यांची आहे. सांगताना आवाज फाटला. धाकटा दीर. माझं लग्न झालं तेव्हा हा तिसरीत होता, मीच अभ्यास घ्यायची.

करंज्या चांगल्या झाल्या होत्या.

२८ डिसें., शनि.

लेआबाईंनी कडी काढली नाही. दारामागूनच म्हणाल्या, "आज नको. जा तू."

रविवारचा निकाल मी कांबळेवहिनींना बोलून गेले होते, त्यांनी सगळं सांगितलेलं दिसतं.

"मला चहा हवाय बाई."

"तुझ्या घरी कर. मी गार पाणी प्यायले. माझ्यापायी तुला तुमच्या देवाच्या पंगतीतून उठवणार, ते मला चालायचं नाही."

"तुमच्यापायी कोण करतंय? नऊ वर्षं मी माझाच चहा करते. उघडा."

आतून घरघर ऐकू येत होती. मी पायरीवर बसले. कांबळेवहिनी खाली आल्या, म्हणाल्या, "मी लावते ना, सरका." मी सरकले नाही. मग त्याही शेजारी बसल्या. पंधरा मिनिटांनी कडी वाजली.

तिघींचा चहा झाला. काडी मीच ओढली. लेआबाईंनी कप दोन्ही हातांनी धरला होता. कांबळेवहिनींनी दुसऱ्यांदा मागून घेतला आणि म्हणाल्या, "तुम्हा लोकांचं फार अवघड आहे ब्वा."

२ जाने. १९८६, गुरु.

पा.सा.ची चिठ्ठी. अक्षर सुंदर. दार अजून उघडं आहे, मी त्यांच्या आईसारखी आहे, ते माझ्यासाठी उपास करत आहेत. खोटं नाही ते, उपास करतच असतील. उत्तर लिहिलं: "उपास सोडा, तब्येत सांभाळा. मी शनिवारी येते आहे."

४ जाने., शनि. सकाळ

सव्वासात. लेआबाईंच्या टेबलावरच लिहिते आहे. लिहिण्यानेही त्यांच्यात शब्बाथ मोडतोच, म्हणून त्या वहीकडे बघत नाहीत. चहा झाला. छाती आज बरी आहे. त्यांनी विचारलं, "जाणारच का?" म्हटलं हो. "मागे बसशील?" म्हटलं नाही.

पांढरी साडी नेसले आहे. प्रभुभोजनाला तीच नेसते. भीती वाटते, ती काय लपवायची. सगळ्यांसमोर ताट पुढे निघून जाणं म्हणजे काय, ते मी दुसऱ्यांच्या बाबतीत दोनदा पाहिलं आहे. तेव्हा मी मान खाली घातली होती. त्यांच्या बाजूने उठून उभं राहायला हवं होतं, ते आज कळतंय.

पहिल्या बाकावर बसणार. भावोजी ताट घेऊन येतील, हात पुढे करीन. त्यांनी दिलं तर घेईन. नाही दिलं तर हात तसाच ठेवीन, शेवटचं गीत संपेपर्यंत. बघायचं त्यांनी बघावं. पुढच्या शनिवारी पुन्हा येईन, त्याच्या पुढच्याही.

जेवण भावोजींचं नाही, पा.सा.चंही नाही. ज्याचं आहे त्याने मला अजून ऊठ म्हटलेलं नाही.

आठ वाजत आले. निघते.