सांता इनेसचा तिसरा दावेदार

४ मार्च
पोचलो एकदाचा! दोन दिवस होडीत ओकून आतडी बाहेर आली, पण सांता इनेसचा खडक दिसला आणि सगळं विसरलो. पाणी असं नितळ की तळातली प्रवाळं वरून मोजावीत. मधोमध आमचं जहाज. पंचवीस वर्षांपूर्वी मुद्दाम खडकावर चढवून रुतवलेलं, आता गंजून लाल झालेलं. हेच ठाणं, हीच आमच्या देशाची हद्द. माणसं तीनच : सार्जंट सुमालिनोग, स्वैपाकी आंबो, ज्यांना सगळे तातांग म्हणजे बाबा म्हणतात, आणि मी, नवा वायरलेसवाला फेलिसिमो. तातांगांनी सुक्या मासळीबरोबर वाफाळता भात वाढला. म्हणाले, "हाणून घे लेका. पुढच्या आठवड्यापासून तांदूळ माझ्याशी अबोला धरतो." तीन महिन्यांची नेमणूक. बाळाच्या बाप्तिस्म्याला नक्की येतो, असं बायकोला, लुर्डेसला सांगून आलोय.

९ मार्च
कामाची घडी बसली. रोज सकाळी नऊला पलीकडचं, दुसऱ्या देशाचं पांढरं जहाज वायरलेसवरून बजावतं, हे पाणी आमचं, चालते व्हा. मग मी बजावतो, पाणी आमचं, तुम्हीच चालते व्हा. दोघंही कागदावरचं वाचतो. त्यांच्या माणसाला कायमची सर्दी आहे. तातांग म्हणतात, त्याला आल्याचा काढा पाठव, दावाच सोडून देईल. सार्जंट हसत नाहीत. त्यांना इथं चौदा महिने झाले. बदली तीनदा हुकली.

१८ मार्च
रसदीची होडी येता येता परत गेली. पांढऱ्या जहाजानं पाण्याचे फवारे मारून तिला पिटाळलं. आम्ही डेकवरून नुसते बघत राहिलो. मुख्यालयाला कळवलं. उत्तर : संदेश मिळाला, धीर धरा. धीर उकळून प्यायचा का? सार्जंटांनी पाण्याच्या पिंपाला कुलूप घातलंय.

२३ मार्च
आज नऊला त्यांचं बजावून झालं, माझं झालं, आणि मग तिसराच आवाज आला. म्हातारा, शांत. म्हणाला, ही जागा आमची. तुम्ही दोघं कोण? माझ्या सामार बेटाच्या बोलीत, तिकडचे जुने कोळी बोलतात तशी! मी उडालोच. सार्जंट म्हणाले, "सामारचं काय घेऊन बसलास? तो सरळ माझ्या सेबूची भाषा बोलतोय." तातांगांनी तीच वाक्यं पांपांगाच्या बोलीत ऐकली होती. शेवटी सार्जंटांनी ठरवलं, ही शत्रूची चाल आहे. उत्तर द्यायचं नाही.

२७ मार्च
दुपारी, ओहोटी. खडकाच्या दक्षिण टोकाला माणसं उभी होती. अकरा. कमरेइतक्या पाण्यात, आमच्याकडे पाठ करून. जवळपास होडी नाही. दुर्बिणीतून पाहिलं, कुणाच्या अंगावर लंगोट, कुणाच्या जुन्या तऱ्हेचा खलाशी सदरा, एकाच्या तर गेल्या वर्षीचं जीवरक्षक जाकीट. भरती चढली, पाणी त्यांच्या डोक्यावरून गेलं. एकही हलला नाही.
मुख्यालयाला कळवलं. उलट विचारणा : कोणत्या देशाचे? मी कळवलं, सांगता येत नाही. उत्तर : देश नमूद केल्याशिवाय नोंद घेता येणार नाही.
हेडफोन भिंतीवर आपटला. एका बाजूनं ऐकू येत नाही आता.

३० मार्च
आज ते निम्म्या अंतरावर होते. पांढऱ्या जहाजावरच्या सर्दीवाल्यानं आज कागद वाचला नाही. मोडक्यातोडक्या आमच्या भाषेत विचारलं, तुमच्या बाजूला किती आहेत? म्हटलं, अकरा. म्हणाला, इकडे नऊ, त्यात एक आमचा. मग म्हणाला, "त्यांना उत्तर देऊ नका. आमच्या कप्तानानं दिलं."

१ एप्रिल
पांढरं जहाज रातोरात निघून गेलं. सार्जंट नाचायचेच बाकी होते. जिंकलो, म्हणाले. ओहोटी लागताच झेंडा घेऊन खाली उतरले. मी दंड धरला, तातांगांनी पाय धरले. सार्जंट म्हणाले, "सोडा! चौदा महिने इथं सडलो. ही जागा कुणाची ते आज कुणाच्या तरी तोंडावर सांगणार."
चालत गेले. वळसा घालून त्यांच्या समोर उभे राहिले. ओरडून काहीतरी बोलले. मग एकदम गप्प झाले. हळूच वळले आणि रांगेत शिरले.
पाठ आमच्याकडे. बारा.

२ एप्रिल
दोन भरत्या येऊन गेल्या. सार्जंट तिथंच. झेंडा पाण्याखाली.
मुख्यालय म्हणतं, अशी तक्रार सार्जंटांनी स्वतः करावी. तुमचा हुद्दा पुरेसा नाही. त्यांना सांगितलं, ते पाण्यात—
संदेश मिळाला म्हणे.

४ एप्रिल
जहाजाला लागून उभे आहेत. खाली वाकलो तर नुसती डोकी. तातांगांनी कानांत मेण घातलंय. आता वायरलेस बंद असला तरी विचारतात. तेच. तुम्ही कोण. मी दोनदा तोंड उघडलं, दोनदा तातांगांनी तोंडावर हात दाबून—

५ एप्रिल
आज खाली कुणी नाही.
वर लोखंडी डेकवर ओली पावलं. आम्ही खोलीचं दार लावून घेतलंय. उघडायचं नाही.

६ एप्रिल
रसदीची होडी येतेय! अडवायला कुणी उरलंच नाही ना. वायरलेसवर ओरडलो, येऊ नका, परत फिरा. त्यांचा तांडेल हसला. "महिनाभर होडी होडी करून डोकं खाल्लंस, आता नको? अरे, वर दहा-बारा जण दिसताहेत, इतकी माणसं वाढली कधी? आणि आमच्याकडे पाठ करून काय उभे राहिलेत?"
सांगितलं, आम्ही दोघंच आहोत, दोघंही खोलीत आहोत. त्यांच्याशी बोलू नका. काही विचारलं तर—
नीट ऐकू येत नाही, म्हणतो. जवळ येऊन बोलतो, म्हणतो.
होडी टेकली. वरून शिडी सोडल्याचा आवाज. आम्ही सोडली नाही. तातांग दाराकडे, मी खिडकीतून ओरडतोय, पण तांडेल वर बघून मोठ्यानं उत्तर देतोय, आपलं नाव, गाव, आपण कोण ते सगळं—