एका ओळीत बॅकअप

३ मार्च, सोमवार. सकाळी ७.१०
आजपासून ठरलं. जे काम एका ओळीत होतं त्याला दुसरी ओळ लिहायची नाही. बावीस वर्षं सर्व्हर सांभाळतोय, पण एका कमांडमध्ये काम उरकणारा ऑफिसात माझ्याशिवाय कोणी नाही. शेजारच्या टेबलावरचा सहकारी प्रत्येक कमांडआधी मॅन्युअल उघडतो. त्याचं नावच मी 'मॅन्युअल' ठेवलंय.

४ मार्च
डिस्क कशाने भरली ते शोधणं: एक ओळ. तीनशे फाइलींची नावं बदलणं: एक ओळ. साहेबांना दाखवलं. म्हणाले, "छान. जरा तो प्रिंटर बघता का?"

६ मार्च, संध्याकाळी
घरच्या कॉम्प्युटरची डिस्क कुरकुरतेय. तीत हिने सासूबाईंचा आवाज जपून ठेवलाय. त्या गेल्या त्याच्या आदल्या वर्षी ही त्यांच्यापुढे फोन ठेवून बसायची. एक्केचाळीस रेकॉर्डिंग्ज. निम्म्यांत माझा उद्धार आहे, पण मी मनाचा मोठा. नवी डिस्क आणली. ही म्हणाली, "अहो, दुकानातून करून घ्या ना." दुकानातून! अपमान गिळला.

८ मार्च, शनिवार. ११.०५
ओळ तयार:
rsync -a --delete /navi/ /juni/
दोन्ही डिस्क हुबेहूब सारख्या होणार. आधी नुसती चाचणी घ्यायचीही सोय आहे. ती मॅन्युअलसारख्यांसाठी.

११.०६
चार सेकंदांत काम फत्ते! नवी डिस्क भलतीच फास्ट.

११.२०
दोन्ही हुबेहूब सारख्या आहेत. रिकाम्या.

११.४०
आधी 'कुठून' लिहायचं, मग 'कुठे'. मी उलट लिहिलं. कोरी डिस्क भरलेलीवर उतरवली. कमांडने एकदा विचारायला नको? काही रीतभात?

९ मार्च
गेलेल्या फाइली परत आणणारे दोन प्रोग्रॅम त्याच जुन्या डिस्कवर टाकले. एकही फाइल आली नाही. हिला बोललो नाही. उगाच काळजी करते.

१० मार्च
'एका मित्राची' अडचण म्हणून मॅन्युअलला विचारलं. म्हणाला, "मित्राला सांगा, त्या डिस्कवर नवीन काही टाकू नका. होतं तेही जाईल." थोड्या वेळाने हळूच म्हणाला, "काय होतं हो मित्राचं त्यात?"
डबा तसाच घरी आणला.

१२ मार्च
हिला सांगितलं. सुरुवात कमांड कशी चालते इथून केली. ही कपडे वाळत घालत होती. मधेच म्हणाली, "आईचं गेलं ना?"
मी मान हलवली. हिने बादलीतले उरलेले कपडे झटकून वाळत घातले. मग म्हणाली, "माझ्या भावाकडे आहे सगळं. तुम्ही नवी डिस्क घेऊन आलात, त्याच दिवशी त्याला पाठवलं."
त्याच दिवशी! म्हणजे या घरात बॅकअपचं महत्त्व रुजलंय. कोणामुळे, ते कोणी बोलत नाही.

१६ मार्च, रविवार
ही भावाकडे निघाली. मीही चपला घातल्या. म्हटलं, तिकडे एकदा नीट कॉपी करून देतो. एकच ओळ.
ही दारातच थांबली. म्हणाली, "तुम्ही नका येऊ. आई बोलत असताना मधे कोणी बोललेलं मला चालणार नाही."
चपला काढून ठेवल्या.