तुझी कवळी आणि अस्वलाची पाटी

धाकट्या किनुएला थोरल्या हात्सुएताईचे आशीर्वाद. गुडघे कसे आहेत? डोक्याचं विचारत नाही, कारण पितरांच्या ओबोन सणाला आलीस तेव्हा दातांची कवळी माझ्याकडेच विसरून गेलीस. आता पानगळ आली. दोन महिने सेंदाईत नुसती पेज पितेस की काय? (मी काही विसरत नाही. अक्षर येत नाही, म्हणून सगळं डोक्यातच ठेवावं लागतं.)

इकडे अस्वलाने जीव नकोसा केलाय. आधी ते देवळामागे दिसलं, मग शाळेच्या मैदानात, आणि सोमवारी माझ्या कोठीचं दार उचकटून भाताच्या कोंड्याचं पोतं फस्त करून गेलं. मातीत पंजा उमटला होता. मी आपला हात त्यात ठेवून बघितला आणि लगेच काढला. गावच्या भोंग्यावरून ओरडतात, घराबाहेर पडू नका. आणि तेच सांगणारी सूचनेची पाटी मात्र नेहमीसारखी एका घराने दुसऱ्या घरी हाताने पोचवायची! ती माझ्याकडे आली. वाचायची गरजच नव्हती, वर अस्वलाचं चित्र होतं. पुढचं घर गिसाकुचं, देवदारांच्या कडेला एकटं. बॅटरी झिजते म्हणून तो कानातलं यंत्र डबीत घालून ठेवतो आणि रोज दुपारी चेस्टनट वेचायला रानात शिरतो. भोंगा त्याच्यापुरता मुकाच. पाटी उद्यावर टाकली असती, तर परवा त्याच्या फोटोपुढे उदबत्ती लावायला जावं लागलं असतं.

निघाले. आवाज केला की अस्वल लांब राहतं म्हणतात. पालिकेने दिलेली घंटी सापडेना, म्हणून चहाच्या डब्यात तुझी कवळी घातली आणि खुळखुळवत चालले. ओढा ओलांडला आणि मागे गवत हललं. वारा नव्हता. वळले, डबा छातीशी धरला. किनुए, मी तो हलवत नव्हते, तरी तो वाजतच होता. गवतातून काळं डोकं वर आलं. ओल्या कुत्र्यासारखा वास. पळायचं नाही, पाठ फिरवायची नाही, एवढंच आठवलं. एकेक पाऊल उलटी चालत गिसाकुच्या अंगणात पोचले आणि टोपली घेऊन बाहेर पडणाऱ्या त्याच्यावरच आदळले.

"काय गं म्हातारे, सरळ चालायचं विसरलीस?"

मी पाटी त्याच्या नाकासमोर धरली. म्हणतो कसा, "हे तर गेल्या वर्षीचंच चित्र!" गचांडी धरून त्याला आत ओढला आणि कडी घातली.

त्याला चार दिवस झाले. मी अजून इथेच आहे. हे पत्रही तोच लिहितोय, यंत्र कानात घालून, म्हणून त्याच्या स्वयंपाकाबद्दल काही सांगता येत नाही.

ता. क. काल भोंग्यावर सांगितलं, ओढ्यापाशी सापळ्यात अस्वल सापडलं. मी बोचकं बांधायला घेतलं. गिसाकु म्हणाला, "ते पिल्लू असणार. आई मोकळीच आहे." सापळा बघायला तो गेला नव्हता. मीही विचारलं नाही. (लिही रे, थांबलास का?) खरं सांगू? त्या घरात एकटीने कडी लावून बसायची मला भीती वाटते. बर्फ पडून अस्वलं झोपेपर्यंत मी इथेच राहते. माझ्या मुलाचा फोन आला तर ताई घरीच आहे म्हण, नाहीतर तो मला शहरात उचलून नेईल.

आणखी ता. क. मोची पाठव, म्हणजे आपले ते भाताचे चिकट गोळे, कोवळ्या सोयाबीनचं गोड वाटण लावलेले, दोघांना पुरतील इतके. मासे नकोत, वासाने ती आई यायची. आणि मऊच पाठव. गिसाकुलाही दात नाहीत, आणि तुझे त्याला बसत नाहीत, घालून बघितले.