पहिल्या बाकावरची वही

२० जून १९७९, बुधवार
आजपासून मी प्राध्यापक! कागदोपत्री नुसता अधिव्याख्याता, विषय तर्कशास्त्र, तेही एक वर्षाच्या बोलीवर. पण नानांनी, माझ्या वडिलांनी, गावभर प्राध्यापक म्हणूनच सांगून टाकलंय. सिन्नरच्या स्टँडवर मला बसवून द्यायला आले, तर कंडक्टरलासुद्धा माझी डिग्री तोंडपाठ झाली. आमच्या वस्तीतून एवढं शिकलेला मी पहिलाच, त्यामुळे त्यांना थांबवायचं तरी कसं?

खोली गंगापूर रोडला मिळाली. खिडकीतून पेरूची बाग दिसते आणि कॉलेज चालत दहा मिनिटांवर. विभागप्रमुख श्यामलाबाई कडक आहेत. त्यांनी गर्गेसरांच्या नोट्सचा गठ्ठा माझ्या हातात ठेवला. गर्गेसर वीस वर्षं इथे शिकवत होते, फेब्रुवारीत वारले. पोरांना याच नोट्सची सवय आहे, पहिल्या वर्षी उगाच हुशारी दाखवू नका, असं बाई म्हणाल्या. मी मान डोलावली आणि गठ्ठा कपाटात कोंबला.

शिपाई रावजी बोलका निघाला. गर्गेसर तास सुरू करताना लाकडी डस्टर टेबलावर तीनदा आपटायचे, म्हणे. मीही आपटून पाहिलं. खडूची भुकटी नाकात गेली आणि पाच मिनिटं शिंका.

४ जुलै, बुधवार
पहिला तास सकाळी सात चाळीसला. मागची पोरं अर्धी झोपेत, पण जमतंय. उदाहरणांत मी आईलाच घेतो. सर्व आया पोराला जेव जेव म्हणतात, चांगुणा ही आई आहे, म्हणून चांगुणा पोराला जेव जेव म्हणते. वर्ग हसतो. आईला हे कळलं तर लाटणंच घेईल!

पहिल्या बाकावर इंदिरा नावाची मुलगी बसते. गेल्या वर्षी नापास झालेली, म्हणून पुन्हा याच वर्गात. मान खाली घालून लिहिते आणि माझं वाक्य संपायच्या आत तिचं पेन थांबतं. गर्गेसरांच्या नोट्स पाठ असणार. पण मी त्या नोट्स अजून उघडल्यासुद्धा नाहीत.

१९ जुलै, गुरुवार
आज मुद्दाम परीक्षा घेतली. आईची म्हैस गेल्या दिवाळीत शाळेच्या व्हरांड्यात शिरली होती, ती गोष्ट आयत्या वेळी उदाहरण म्हणून सांगायला घेतली. सांगता सांगता इंदिराच्या बाकाशी गेलो आणि वहीत डोकावलो.

म्हैस होती. व्हरांडा होता. पुढे मी अजून न बोललेलं वाक्यही होतं: ‘हेडमास्तरांनी तिची हजेरी लावली.’

ते टाळून दुसरंच काही बोलायचं ठरवलं. तोंड उघडलं, तर तेच वाक्य बाहेर पडलं. वर्ग खो खो हसला. मी तास दहा मिनिटं आधीच सोडला.

३० जुलै, सोमवार
इंदिराला स्टाफरूममध्ये बोलावलं. दारात रावजीला उभं केलं. ती रडायलाच लागली. हात आपोआप चालतो, थांबवता येत नाही, म्हणाली. गेल्या वर्षी गर्गेसरांच्या तासालाही असंच व्हायचं. आधी एखाददुसरा शब्द, मग वाक्य, मग पुढच्या तासाचं सगळं. शेवटचं पान ‘म्हणून’ या शब्दाशी थांबलं होतं. तिने वही सरांना दाखवली तेव्हा ते हसले होते.

रावजीने खाली बघत सांगितलं, सरांना उचलायला तोच होता. सर ‘म्हनून’ म्हनले आन् खुर्चीत बसले, ते उठलेच नाय.

मी दोघांनाही झापलं. तर्कशास्त्राच्या मास्तरासमोर असलं बोलता? इंदिरा हात जोडून म्हणाली, वडिलांना सांगू नका. वडील ओझरच्या कारखान्यात आहेत, पुन्हा काही झालं तर कॉलेज बंद करून लग्न लावून देतील. मी बरं म्हटलं.

९ ऑगस्ट, गुरुवार
इंदिराने वही माझ्या टेबलावर ठेवली. आता हात चालत नाही, म्हणाली, आणि पळाली.

वहीत उद्याचा तास आहे. शनिवारचा आहे. शेवटच्या पानावर तारीख १६ ऑगस्ट. वरचं वाचायचा धीर झाला नाही, फक्त शेवटची ओळ वाचली. ‘आई विचारते, दारात कोण आलंय. मी बघून’

पुढे कोरं.

माझंच आईचं उदाहरण. हे मी वर्गात बोलणार आणि गर्गेसरांसारखा — तर मग सरळ आहे. सोळा तारखेला तास घ्यायचाच नाही.

११ ऑगस्ट, शनिवार
आजचा तास वहीबरहुकूम झाला. जीभ चावली, तरी शब्द तेच.

श्यामलाबाईंनी कळवलं, गुरुवारी सोळा तारखेला समिती माझा तास ऐकायला बसणार. कायम होणं त्यावरच. मी रजा मागितली. बाई म्हणाल्या, पुढच्या वर्षाची आशा सोडा. नानांचा चेहरा समोर आला. तरी अर्ज दिला.

मला भीती वाटते. मला जगायचंय. नोकरी दुसरी मिळेल.

१५ ऑगस्ट, बुधवार
झेंडावंदन झाल्याबरोबर एसटी पकडली. वही खोलीत ठेवून कुलूप लावलंय. आईला आनंद झाला. नाना जेवले नाहीत.

१६ ऑगस्ट, गुरुवार
सात चाळीस झाले. काही नाही.

साडेआठ. तास संपला! समिती उठून गेली असेल. मी जिवंत आहे, आमच्या घरात, बाजेवर बसून लिहितो आहे. सुटलो. एकट्यानेच हसलो. आई चुलीशी आहे, दोनदा जेव म्हणून झालं. नाना रानात गेलेत. संध्याकाळी त्यांना सगळं खरं सांगेन, ओरडले तरी —

दार वाजलं.

आमच्या वस्तीत दार कोणी वाजवत नाही. लांबूनच हाक मारतात.

तीनदा. लाकडावर लाकूड.

पुन्हा तीनदा —

उठायचं नाही. उत्तर द्यायचं नाही. आईने बोलू नये, तिला खुणेने — पाठमोरी आहे ती —

पेन थांबत नाही. ठेवायचंय, बोटं उघडत नाहीत — हे मी लिहीत नाही, इंदिरा, हे मी —

आई विचारते, दारात कोण आलंय. मी बघून