दार बाहेरून उघडणारी गाडी

३ नोव्हेंबर, अमरावती
अकोल्याच्या कॉलेजात बदली. ऑर्डर हातात. सध्या ट्रेनने जा-ये करीन, पुढचं पुढे.
पल्लवीला पुण्याला फोन केला. पोरगी पहिलंच वाक्य बोलली, "आई, आता गाडी घे." जणू घरात गाडी नाहीच.
आहे. सु.ची. शेडमध्ये, कव्हर घातलेली. सुधीर गेला त्याला या महिन्यात दोन वर्षं होतील. तेव्हापासून रविवारी इंजिन तेवढं सुरू करते, बॅटरी उतरू नये म्हणून. सीट त्याच्या मापाने मागे सरकवलेली, माझा पाय क्लचला पुरत नाही. तरी सरकवत नाही.
किल्ली फिरवली की स्क्रीनवर येतं, 'सुधीरचा फोन शोधत आहे'. मग, 'सापडला नाही'.
दवाखान्यातून त्याच्या वस्तू मिळाल्या त्यात फोन नव्हता. मी विचारलाही नाही.

६ नोव्हेंबर
पल्लवी अडून बसली आहे. घ्यायची तर अमेरिकन. "बाबाला हवी होती ना?" हो, होती. सु.ची आताची गाडीही अमेरिकन कंपनीचीच. कंपनी देश सोडून गेली तरी हा तिचं कौतुक सांगत फिरायचा. दार लावताना म्हणायचा, "आवाज ऐक. तिजोरी आहे तिजोरी."
दोन पर्याय.
एक, मोठी डिझेल. उंच, दणकट. नाव अमेरिकेचं, बनते पुण्याकडच्या कारखान्यात. सर्व्हिसला नागपूर.
दुसरी, विजेवरची. थेट बाहेरून येते. पल्लवीने मुंबईत पाहिली, व्हिडिओ पाठवला. गोरीगोमटी, आत बटणं नाहीत, नुसता टीव्ही. बिघडली तर मूर्तिजापुरात कोण हात लावेल?
रस्ता तोच, सु. गेला तो. तो भाग ट्रेनमधून दिसत नाही, म्हणून ट्रेन बरी वाटते. हे पल्लवीला सांगितलेलं नाही.

९ नोव्हेंबर
मामाजी तिवस्याहून आले. सासरे असले तरी माझं लेकीसारखंच चालतं त्यांच्यापाशी. थंडीभर राहतील म्हणाले. सु. गेल्यापासून कोणाच्या गाडीत बसत नाहीत, एसटीनेच आले. घरात शिरताना शेडकडे पाहिलं नाही.
जेवताना गाडीचा विषय काढला.
"अमेरिकेची काहून पाह्यजे तुले?"
"सुधीरला हवी होती."
"बनते कुठं?"
"एक पुण्याकडे."
"मंग अमेरिकेची कशी झाली थे?"
बऱ्याच दिवसांनी हसलो दोघं.

१५ नोव्हेंबर
नागपूरला शोरूममध्ये. मामाजी स्वतःहून म्हणाले, मीबी येतो. बसने गेलो.
मोठी डिझेल पाहिली, पांढरी. चढायला पायरी लागते. आशिष नावाचा सेल्समन, गोड बोलणारा. एअरबॅग, सनरूफ, उतारावर आपोआप ब्रेक. मामाजी गाडीभोवती फिरत राहिले. मग थांबून,
"याचं दार बाहेरून उघडते का?"
"हो ना आजोबा, हे बघा."
"तसं नाई. आतला माणूस उघडू शकत नसन तं? बाहेरच्या माणसाले उघडता येईन का?"
"गाडी चालायला लागली की ऑटोमॅटिक लॉक होते. बाहेरचं कोणी उघडू शकत नाही. सेफ्टी आहे आजोबा."
"सेफ्टी कोनाची?"
आशिष माझ्याकडे बघून हसला. मला हसता आलं नाही. मामाजींचा हात अजून त्या दारावर होता.
परत येताना कोंढाळीजवळ म्हणाले, "त्या विजेच्या गाडीचंबी विचार." घरी येऊन पल्लवीला विचारलं. त्या गाडीचं हँडल दारातच बसवलेलं असतं म्हणे, सपाट. माहीत नसलेल्याला सापडतही नाही.
हे ऐकून मामाजी उठून बाहेर गेले.

१९ नोव्हेंबर
आशिष पांढरी घेऊन घरी आला, चालवून बघा म्हणून. बडनेऱ्यापर्यंत नेली. हलकी चालते एवढी मोठी असून. काचा वर केल्या की बाहेरचं जगच बंद. ट्रक बाजूने गेला तो मुक्याने.
पुलाच्या अलीकडे वाटलं, मागून सु. म्हणाला, "गिअर." मी गिअर बदलायला हात नेला. गाडी ऑटोमॅटिक. हात तसाच अधांतरी.
आशिषने विचारलं, "मॅडम, काही प्रॉब्लेम?"
नाही म्हटलं. परत फिरले. अकोल्याच्या दिशेला पुढे नेली नाही.

२३ नोव्हेंबर
आज जे झालं ते नीट लिहायला हवं.
जुनी गाडी बदल्यात द्यायची तर किंमत ठरवायला माणूस आला. कव्हर काढलं. मामाजी प्रथमच शेडमध्ये आले, अगदी गाडीच्या दाराशी उभे. माणसाने टायर पाहिले, बॉनेट पाहिलं, मग आत बसून किल्ली फिरवली.
स्क्रीनवर, 'सुधीरचा फोन शोधत आहे'.
मी तोंड फिरवलं. पुढचं काय येतं ते पाठ आहे.
माणूस म्हणाला, "साहेब घरी आहेत वाटते. फोन जोडला गेला."
वळून पाहिलं. 'सुधीरचा फोन जोडला'.
शेडचा खांब धरला. तो माणूस घाबरून खाली उतरला. मामाजी जागचे हलले नाहीत. मग त्यांनी बंडीच्या खिशातून फोन काढला. सु.चा. काच तडकलेली. चार्ज केलेला.
"माह्यापाशी हाय," एवढंच म्हणाले.
माणसाला परत पाठवलं.

२४ नोव्हेंबर
राग आला होता. दोन वर्षं! सकाळी चहा पुढे ठेवला आणि विचारलं.
मामाजी कपाकडे बघत बोलले. जसं बोलले तसं लिहिते.
"दुपारची वेळ. सुधीरचा फोन आला. म्हटलं, बोल रे. तं दुसराच मानूस. म्हने, बाबा, तुमच्या पोराची गाडी रस्त्याच्या कडेले उभी दिसली. दार उघडलं अन् आत बसलो. धरून हाय मी त्याले. गाडी बोलावली हाय दवाखान्याची. तुमी बोला, तो ऐकून राह्यला."
"मग?"
"मंग मी बोललो."
"काय बोललात?"
त्यांनी कप बशीत ठेवला.
"म्हटलं, जेवला का? दुसरं सुचलंच नाई व पोरी. पोरगा जाऊन राह्यला अन् बाप विचारते, जेवला का."
तिकडून फक्त श्वास ऐकू आला म्हणे. शेवटी तो माणूस म्हणाला, याने मले काही सांगतलं हाय बाबा, मी मागून फोन करतो, पोराच्या याच नंबरवर. दवाखान्यातून मामाजींनी फोन घेतला तो त्यासाठी. तेव्हापासून रिचार्ज करतात. त्या माणसाने फोन केला नाही.
मला वाटायचं, छातीत कळ आली तेव्हा सु. एकटा होता. गाडी नीट कडेला लावून, एकटा.
"मला का नाही सांगितलं?"
"तू विचारलं असतं, काय म्हने तो. मी काय सांगतलं असतं?"
आम्ही दोघं स्वयंपाकघरात बसून रडलो. कॉलेजला सुट्टी टाकली.

२७ नोव्हेंबर
सु.चा स्मृतिदिन. घरी बुद्धवंदना झाली, शेजारचे चौघं आले. खीर केली.
सगळे गेल्यावर मामाजी म्हणाले, "मले तिथं ने."
कशाने, हे विचारायची गरज नव्हती. कव्हर काढलं. बसले. सीटखालचा दांडा ओढला आणि सीट पुढे घेतली. एका झटक्यात पुढे आली. दोन वर्षं मी जपलं ते. मामाजी शेजारी येऊन बसले, पट्टा त्यांना लावता येईना, मी लावला.
बडनेरा गेलं. मूर्तिजापूरच्या अलीकडे कडुनिंबाचं झाड, तिथे कडेला घेतली. इंडिकेटर चालू ठेवला. ऊन होतं. दोन्ही बाजूंना तुरी. मी डोळे मिटले.
काचेवर टकटक. मामाजींच्या बाजूला.
पन्नाशीचा माणूस, डोक्याला पांढरा दुपट्टा. त्याने दार उघडलंच. "काय झालं? बाबाले बरं नाई का?"
मामाजींनी त्याचं मनगट धरलं.
"तूच होता न?"
"कोन, बाबा?"
"माह्या पोरापाशी. इथंच. तूच बसला होता न गाडीत?"
त्याने माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली नाही, हो म्हणून नाही, नाही म्हणूनही नाही. तो खाली उकिडवा बसला, दाराच्या फटीत. मनगट सोडवून घेतलं नाही.
"काय म्हने तो?" मामाजींनी विचारलं. "तू फोन करतो म्हटला होता."
तो माणूस हळू बोलला. "तहान लागली होती त्याले. पानी पेला तो, बाबा. चांगलं पेला."
मामाजींनी मनगट सोडलं.

३० नोव्हेंबर
आशिषचा फोन. पांढरीचं काय ठरलं? विजेवरची हवी तर मुंबईला बोलणं करून देतो म्हणाला. म्हटलं, अजून काही ठरलं नाही. पल्लवी चिडली आहे. तिला सगळं सांगायचंय, पण फोनवर नाही.
उद्या अकोल्याला सु.च्या गाडीनेच जाऊन बघते. मामाजी म्हणतात, मीबी येतो, कॉलेजच्या आवारात बसून राहीन.
त्यांची आज झोप चांगली झालेली दिसते. अंघोळीनंतर दाढी केली स्वतः.
"आवाज तोच होता," म्हणाले.
तो तोच असेल, किंवा बापाचं मन राखायला खोटं बोलला असेल. इतकं सहज कोणाला सुचतं? आणि सुचलं असेल तर तेही...
त्या दिवशी झाडापासून निघताना मी आरशात पाहिलं होतं. मागे तो नव्हता, ट्रक नव्हता, मोटारसायकल नव्हती. तुरीत कोणी उभं असेल तर माहीत नाही. मामाजींना विचारलं, तो गेला कुठल्या बाजूला?
म्हणाले, "मी कुठं पाह्यलं? तूच पाहून राह्यली होती न."