डब्यांवरचा जुना कागद

१४ ऑक्टोबर १९९१

डाळीच्या डब्याचं झाकण बसेना! कारण सापडलं – कागद. दर दिवाळीआधी आई (म्हणजे सासूबाई) सगळ्या डब्यांना कागद चिकटवतात. जुनी कॅलेंडरं, लग्नपत्रिका, साडीच्या खोक्यातला चमकीचा कागद, काय हाताला लागेल ते. पण आधीचा कधी काढत नाहीत. त्याच्यावरच नवा. डबे वर्षागणिक लठ्ठ!

कल्याणला माझ्या माहेरी डबे राखेने घासले की झालं. इथे कोपरला वेगळीच तऱ्हा.

१५ ऑक्टोबर

मैद्याची खळ शिजवली. झुरळं कागद खाऊ नयेत म्हणून आईंनी त्यात चिमूटभर मोरचूद टाकलं. मी म्हटलं, जुने थर काढून टाकू. तर एकदम चिडल्या. "जुना काढू नको गो. वरशी लाव."

का, ते सांगेनात. तू फार विचारतेस म्हणाल्या. विचारतेच मी. त्याशिवाय कळणार कसं?

१९ ऑक्टोबर

मोठे भाऊजी आले होते. सासरे गेल्यावर खाडीकडचं शेत आईंच्या नावावर झालंय, तेवढंच त्यांचं. भाऊजी म्हणतात, घर वाढवायला परवानगी हवी, २८ तारखेला सोमवारी कल्याणच्या रजिस्ट्रेशन ऑफिसात आईने अंगठा द्यायचा. नुसत्या परवानगीला तिथे कशाला? कागद बघू म्हटलं, तर बॅगेत घातला. आईंना वाचता येत नाही आणि मला वाचू देत नाहीत – सगळी सोयच!

२० ऑक्टोबर

आई बाजारात गेल्यावर डाळीचा डबा कोमट पाण्यात बुडवला. राहवलंच नाही. आमची लग्नपत्रिका निघाली, मग कॅलेंडरावरचे दोन गणपती, मग असे कितीतरी थर, शेवटी कुठलासा वाण्याचा कागद. अगदी तळाला वहीचं रेघांचं पान. शाई पसरलेली, पण अक्षर कसं टपोरं! "मंजुळा गोमाजी, इयत्ता चौथी." खाली 'आमची गाय' निबंध.

मंजुळा कोण? ह्यांना विचारलं. आपल्यात कोणी मंजुळा नाही म्हणाले आणि पेपर वाचायला लागले.

२२ ऑक्टोबर

शेवटी पान आईंच्याच पुढे धरलं. त्यांनी नावावरून बोट फिरवलं.

"मंजुला म्हंजे मीच गो."

लग्नात ताटातल्या तांदळांवर अंगठीने 'सगुणा' लिहिलं, तेव्हापासून त्या सगुणा. सासरी आल्यावर विठ्ठलवाडीला बापाला पत्र लिहायला घेतलं. त्यांच्या सासूने ते चुलीत घातलं. लिहिणारी सून घर फोडते म्हणाली. वहीही चुलीत जाणार, म्हणून आईंनी एकेक पान डब्यांना चिकटवलं आणि वरून कॅलेंडर लावलं. आपल्याला अक्षरओळख नाही असंच सांगत राहिल्या. आजवर अंगठाच. पोटच्या पोरांनाही ठाऊक नाही!

मला रडू आलं. आणि रागही, कोणाचा ते सांगता येत नाही. अकरा डबे. म्हणजे अख्खी वही रोज आमच्या डोळ्यांसमोर होती.

२३ ऑक्टोबर

म्हटलं, मग तो कागद तुम्हीच मागून घ्या आणि वाचा. पोर आहे माझा, फसवणार कशाला, म्हणाल्या. आणि इतकी वर्षं खोटं वागले हे पोरांना कुठल्या तोंडाने सांगू?

मी पान त्यांच्या हातात दिलं आणि भांडी घासायला गेले. मला गप्प बसणं जड जातं.

२५ ऑक्टोबर

ते पान आईंनी स्वतःच्या हाताने परत डब्याला चिकटवलं. वरून नवं कॅलेंडर. एक सुरकुती नाही! वाटलं, संपला विषय.

२८ ऑक्टोबर

कल्याण. कारकुनाने आईंचा अंगठा शाईवर टेकवायला हात धरला. आईंनी हात सोडवून घेतला, कागद ओढला आणि उभ्या उभ्या मोठ्याने वाचायला लागल्या. "...खरेदीखत लिहून देणार..." भाऊजी कागद घ्यायला पुढे झाले. "थांब," आई म्हणाल्या, "अजून दोन पानं हायेत."